‘उघडू नये असा दरवाजा’: म्हापशातील रविवारच्या इंग्रजी वर्गाविषयी

म्हापशातील एका वकिलांच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षे लेखनिकाचे काम करीत आहे. डिचोली तालुक्यातील मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकून पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन पडलेल्या पिढीतला मी असल्याने माझे इंग्रजी कामापुरते चालते, परंतु कागदावर वाक्य लांबू लागले की त्याचा तोल जातो. खरेदीखते, मृत्युपत्रे आणि वारसांच्या इन्व्हेंटरी प्रकरणांतील (म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी व वाटणी करणाऱ्या कोर्टातील प्रकरणांतील) अर्ज यांत ज्या प्रकारचे वाक्य सर्वांत जास्त लागते, तेच मला कधी नीट शिकवले गेले नव्हते. ‘जी विकता येत नाही अशी मालमत्ता’, ‘ज्यांना नोटीस बजावता आली नाही असे वारस’, ‘जी करायला नको होती अशी सही’ हे ते वाक्य. त्यात संबंधी उपवाक्य, कर्मणी प्रयोग, ‘कॅन’, ‘मस्ट’ किंवा ‘शुड’ यांपैकी एखादे सहाय्यक क्रियापद आणि नकार हे चौघेही एकाच वेळी हजर असतात.

गेल्या पावसाळ्यात म्हापशातच आठ रविवारांचा एक इंग्रजी लेखनवर्ग मी केला. त्याचे शुल्क ४,५०० रुपये होते, प्रत्येक वर्ग अडीच तासांचा होता आणि आम्ही बावीस विद्यार्थी होतो. पुढे काही तक्रारी लिहावयाच्या असल्याने वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही. म्हापशात चौकशी करणाऱ्यास ते कळेलच. आठांपैकी पाच वर्ग पत्राची मांडणी, ईमेल, विरामचिन्हे अशा सर्वत्र मिळणाऱ्या विषयांवर होते आणि त्यांविषयी बरे किंवा वाईट लिहावे असे विशेष काही नाही. उरलेल्या तीन रविवारांत नेमके हेच वाक्य शिकवले गेले. हा अभिप्राय त्या तीन रविवारांपुरताच आहे.

वर्गाला जाण्याचे कारण एक स्वल्पविराम ठरला, हे आधी सांगतो. एका इन्व्हेंटरी प्रकरणात सात वारस होते. त्यांपैकी तिघे, दोन इंग्लंडमधील स्विंडनला आणि एक लिस्बनला, पत्ते बदलल्यामुळे सापडत नव्हते. मी मसुद्यात लिहिले, ‘द एअर्स, हू कुड नॉट बी सर्व्ह्ड, रिसाइड अब्रॉड’. मला म्हणायचे होते की ज्या वारसांना नोटीस बजावता आली नाही ते परदेशात राहतात. त्या दोन स्वल्पविरामांनी अर्थ असा केला की सगळेच वारस परदेशात राहतात आणि नोटीस कोणालाच बजावता आलेली नाही. उरलेल्या चौघांपैकी दोघे त्या वेळी आमच्याच बाकावर बसलेले होते. कागद बाहेर जाण्यापूर्वी आमच्या वकीलसाहेबांनी तो पाहिला म्हणून निभावले. ते रागावले नाहीत, मात्र स्वल्पविरामांवर पेन ठेवून त्यांनी मला एवढेच विचारले की हे तू ऐकून लिहितोस की समजून. त्याच आठवड्यात मी वर्गात नाव घातले.

पहिल्या दिवशी टीचरनी फळ्यावर इंग्रजीचे एक अक्षरही लिहिले नाही. त्यांनी पाच मराठी वाक्ये लिहिली: दरवाजा उघडत नाही; दरवाजा उघडता येत नाही; दरवाजा उघडू नये; दरवाजा उघडायची गरज नाही; माझ्याच्याने दरवाजा उघडवत नाही. मग प्रत्येक वाक्यात ‘नाही’ कोणी म्हटले आहे, हे आम्ही सांगायचे होते. पहिल्यात खुद्द दरवाजाच अडला आहे, दुसऱ्यात परिस्थिती आड येते, तिसऱ्यात कोणीतरी मनाई केली आहे, चौथ्यात कोणाचीच हरकत नाही आणि पाचव्यात उघडणाऱ्याचे बळ किंवा मन कमी पडते. पाचवे रूप, ज्याला आपल्या व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात, त्याला इंग्रजीत स्वतंत्र जागा नाही. तेथे तो दरवाजाही ‘कॅनॉट बी ओपन्ड’मध्येच जाऊन बसतो, किंवा माणसाला कर्ता करून वेगळे वाक्य लिहावे लागते. तोपर्यंत वर्गातले निम्मे विद्यार्थी सगळ्या नकारांसाठी एकच ‘कॅनॉट’ वापरीत होते, आणि त्यांत मीही होतो.

या वर्गाची किंमत मला येथेच वसूल झाल्यासारखी वाटली. मराठी शाळेतून आलेल्या माणसाला इंग्रजी शिकवताना ‘आधी मराठी विसरा’ असा उपदेश करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि तो ऐकत मी मोठा झालो. या टीचरनी मराठी विसरायला सांगण्याऐवजी ती नीट ऐकायला लावली.

दुसऱ्या तासाला संबंधी उपवाक्य आले. मराठीत आपण ते मुख्यतः दोन तऱ्हांनी बांधतो. एक ‘जो–तो’ची जोडी: जो दरवाजा उघडू नये, तो दरवाजा उजवीकडे आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळे विशेषण नामाच्या आधी रचणे: उघडू नये असा दरवाजा, उघडता न येणारा दरवाजा. आपल्या चुका पहिल्या तऱ्हेतून जन्मतात, कारण ‘जो दरवाजा… तो दरवाजा’ डोक्यात ठेवून लिहिले की कागदावर ‘विच डोअर मस्ट नॉट बी ओपन्ड, दॅट डोअर इज ऑन द राइट’ असे काहीतरी उमटते. किंवा ‘द डोअर विच इट मस्ट नॉट बी ओपन्ड’ असे लिहिले जाते, ज्यात ‘विच’ने दरवाजाची जागा घेतलेली असतानाही ‘इट’ पुन्हा त्याच खुर्चीवर बसायला येते. माझ्या शेजारी पेडण्याच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षात काम करणारा तरुण बसत असे. त्याने दाखवलेल्या तीन सूचनांपैकी तिन्हींत असे उपरे ‘इट’ होते.

त्यावर टीचरनी सांगितलेली युक्ती मी आता रोज वापरतो. त्या म्हणाल्या की ‘जो–तो’ सोडा, ‘असा’ धरा आणि वाक्य शेवटाकडून वाचा. ‘उघडू नये असा दरवाजा’ हे उलटे वाचले की ‘दरवाजा – असा – नये – उघडू’ असा क्रम मिळतो, आणि इंग्रजीचा क्रम हुबेहूब तोच आहे: ‘डोअर – विच – मस्ट नॉट – बी ओपन्ड’. ‘विकता येत नाही असा हिस्सा’ उलटा केला तर ‘हिस्सा – असा – नाही – येत – विकता’ असे होते. येथे ‘नाही’ आणि ‘येत’ यांची तेवढी अदलाबदल करावी लागते, कारण इंग्रजीत ‘नॉट’ सहाय्यक क्रियापदाच्या मागोमाग येते. मराठी जे नामाच्या आधी रचते ते इंग्रजी नामाच्या नंतर रचते, म्हणून ही आरशातली प्रतिमा जुळते. एकोणीस वर्षे मसुदे लिहूनही हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते, याचे मला थोडे वाईटच वाटले.

या आरशात एक गोष्ट मात्र दिसत नाही, आणि टीचरनी तीही दाखवली. ‘उघडू नये’ या मराठी शब्दांत कर्मणी प्रयोगाचे कोणतेच चिन्ह नाही. कोणी उघडू नये हे आपण गाळतो आणि वाक्य तरीही सुखाने उभे राहते. इंग्रजीत कर्ता गाळायचा तर ‘बी’ घालून पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आणावेच लागते. ते राहिले की ‘द डोअर विच मस्ट नॉट ओपन’ असे होते, म्हणजे दरवाजालाच तंबी दिली जाते की तू उघडू नकोस. आमच्या बावीस जणांच्या पहिल्या चाचणीत सर्वांत अधिक गळलेला शब्द हा ‘बी’च होता. मराठीतून उचललेला क्रम बरोबर आला तरी मराठीत नसलेला हा शब्द आपोआप येत नाही. त्यासाठी टीचरनी आम्हाला दोन आठवडे प्रत्येक वाक्यातील ‘बी’भोवती लाल वर्तुळ काढायला लावले, जे चाळिशी ओलांडलेल्या लोकांना थोडे बालिश वाटले, पण उपयोगी पडले.

येथे एक विषयांतर करतो. वर्ग संपल्यापासून मला मराठी फलकांवरची ‘आत प्रवेश केला जाऊ नये’, ‘वाहने उभी केली जाऊ नयेत’ अशी वाक्ये खुपू लागली आहेत. ‘आत जाऊ नये’, ‘वाहने उभी करू नयेत’ एवढ्यात काम होत असताना हा ‘जाऊ’ त्या इंग्रजी ‘बी’च्या पाठोपाठ आपल्या भाषेत शिरला आहे. मीही पूर्वी असेच लिहीत असे.

दुसऱ्या रविवारी ‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांतील भेद झाला, आणि तो झाला तसाच सर्वत्र शिकवला जावा असे मला वाटते. ‘सही केलीच पाहिजे’ या सक्तीचा नकार मराठीत दोन प्रकारे होतो: ‘सही केलीच पाहिजे असे नाही’ आणि ‘सही करता कामा नये’. पहिल्यात सक्ती उठते, दुसऱ्यात कृतीच बंद होते. इंग्रजीत ‘मस्ट’ला ‘नॉट’ लावले की दुसराच अर्थ मिळतो, पहिला मिळतच नाही. त्यासाठी ‘नीड नॉट’कडे जावे लागते. म्हणून ‘पेजेस विच नीड नॉट बी साइन्ड’ ही कोरी सोडली तरी चालणारी पाने, आणि ‘पेजेस विच मस्ट नॉट बी साइन्ड’ ही सही केल्यास घोटाळा होईल अशी पाने. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात दप्तर सांभाळणाऱ्या एका विद्यार्थिनीने लगेच आपले उदाहरण दिले: जपून ठेवण्याची गरज नसलेल्या नोंदी आणि जपून ठेवताच कामा नयेत अशा नोंदी यांत कोणी गल्लत केली, तर तपासणीला आलेल्या माणसासमोर उभे राहणे कठीण होईल. ‘मे नॉट’विषयी टीचरनी स्पष्ट बजावले की ते शक्य तेथे टाळावे. ‘अ डीड विच मे नॉट बी रजिस्टर्ड’ याचा अर्थ नोंदणीस परवानगी नसलेला दस्त असाही होतो आणि कदाचित नोंदला जाणार नाही असा दस्तही होतो. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून हा भेद कळतो, पण दस्ताला आवाज नसतो. हे ऐकताना मला आमच्या कार्यालयातील निदान चार जुने मसुदे आठवले.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग त्या दिवशीच्या शेवटच्या अर्ध्या तासात आला, तोही मी विचारलेल्या प्रश्नामुळे. गोव्यात वारसाहक्काचे नियम पोर्तुगीज काळापासून वेगळे आहेत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ‘लेजीतिमा’ची, म्हणजे वारसांसाठी राखीव हिश्शाची, कल्पना आजही येथे चालते आणि गोव्याच्या २०१२ च्या वारसाहक्क कायद्यातही ती कायम आहे. मुले किंवा आईवडील असे सरळ रेषेतील वारस असतील, तर मालमत्तेचा अर्धा भाग मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. हा भाग इंग्रजीत सांगताना मी वर्षानुवर्षे ‘द पोर्शन विच कॅनॉट बी डिस्पोज्ड’ असे लिहीत आलो होतो. टीचरनी विचारले, “पुढचे ‘ऑफ’ कुठे गेले?” मूळ क्रियापद ‘डिस्पोज ऑफ’ असे आहे, वाक्य कर्मणी केले आणि ‘विच’ पुढे नेले, तरी ते ‘ऑफ’ आपल्या क्रियापदाला धरूनच राहते आणि वाक्याच्या टोकाला उघडे पडते: ‘द पोर्शन विच कॅनॉट बी डिस्पोज्ड ऑफ’. आपल्याला ते अर्धवट तुटल्यासारखे वाटते, कारण मराठीत नामाला चिकटणारी विभक्ती अशी मोकळी लोंबकळत नाही. संहितेच्या मूळ पोर्तुगीज व्याख्येत रचना कर्तरी आहे आणि ‘दे के’ म्हणजे ‘ज्याची’ हे शब्द आधी येतात: ज्या मालमत्तेची विल्हेवाट मृत्युपत्र करणारा लावू शकत नाही ती. इंग्रजीतही कर्ता ठेवायचा असेल तर ‘ऑफ विच द टेस्टेटर कॅनॉट डिस्पोज’ असे ‘ऑफ’ पुढे नेता येते. पण ते ना पुढे ना मागे असे कोठेच ठेवायचे नाही, ही मोकळीक इंग्रजी देत नाही, आणि मी ती एकोणीस वर्षे घेत होतो. ‘अ विटनेस हू कॅनॉट बी रिलाइड अपॉन’, ‘राइट्स विच मस्ट नॉट बी इंटरफिअर्ड विथ’ ही आमच्या धंद्यातली इतर वाक्येही त्याच दिवशी वहीत गेली.

भूतकाळाकडे मात्र वर्गाने दुर्लक्ष केले, आणि ही माझी पहिली तक्रार आहे. ‘करायला नको होते’ हा प्रकार कोर्टकचेऱ्यांत पावलोपावली लागतो. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून काढण्याविरुद्ध १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. अशा प्रकरणात ‘अ हाउस विच शुड नॉट हॅव बीन डिमॉलिश्ड’ असे लिहिताना घर पाडले गेले आहे हे त्या ‘हॅव बीन’मधूनच कळते. ‘शुड नॉट बी डिमॉलिश्ड’ लिहिले तर घर अजून उभे आहे. त्याहून अवघड ‘कुड नॉट’ची जोडी आहे. ‘अ डीड विच कुड नॉट बी साइन्ड’ म्हणजे त्या वेळी सही करता आली नाही असा दस्त. ‘अ डीड विच कुड नॉट हॅव बीन साइन्ड’ म्हणजे सही झालेली असणे शक्यच नाही असा दस्त, कारण सही करणारा त्या दिवशी लिस्बनला होता. पहिल्यात अडचणीची हकिकत आहे, दुसऱ्यात बनावटपणाचा आरोप दडला आहे. एवढ्या मोठ्या फरकाला या वर्गाने जेमतेम पंचवीस मिनिटे दिली आणि सरावासाठी चार वाक्ये. ईमेलच्या शिष्टाचारावर गेलेल्या एका संपूर्ण रविवारातून हा वेळ सहज काढता आला असता.

दुसरी तक्रार सरावपुस्तिकेची आहे. चौसष्ट पानांची ही झेरॉक्स पुस्तिका शुल्कातच मिळते, परंतु ती टीचरनी तयार केलेली नाही आणि ते पानोपानी जाणवते. त्यातील उदाहरणे हिवाळ्यात वापरता न येणारे रस्ते, बर्फामुळे गाठता न आलेली गावे, भुयारी रेल्वेत नेऊ नये असे सामान, अशी आहेत. रस्ता वापरता न येण्यासाठी आम्हाला बर्फाची वाट पाहावी लागत नाही. जुलैमधला एक दिवस पुरतो. उदाहरणे परकी असण्याचे मी फारसे मनावर घेतले नसते, पण उत्तरसूचीत एके ठिकाणी ‘नीड नॉट’ आणि ‘मस्ट नॉट’ एकमेकांच्या जागी चालतील असे छापले आहे, म्हणजे वर्गात दोन तास घालवून शिकवलेले घरी जाऊन पुसून टाकण्याची सोय केली आहे. ‘हूज’ची रचना पुस्तिकेत कोठेच नाही. ‘अ मायनर हूज शेअर कॅनॉट बी सोल्ड विदाउट द कोर्ट्स परमिशन’ हे वाक्य ज्याला रोज लागते त्याला ही उणीव फार भासते. मी हे दाखवल्यावर टीचरनी फळ्यावर ‘हूज’ची सहा वाक्ये लिहून दिली, तीही जोडीजोडीने, एकदा मराठी आणि एकदा इंग्रजी. ती झेरॉक्स करून वाटली असती तरी पुस्तिकेचे बरेच पाप धुतले गेले असते.

स्वल्पविरामाचा प्रश्न, ज्यासाठी मी आलो होतो, तो तिसऱ्या रविवारी सुटला. टीचरची कसोटी साधी आहे. इंग्रजीत लिहायचे ते आधी मराठीत म्हणून पाहावे. ते ‘जे–ते’ने सांगावेसे वाटले, म्हणजे काही जणांना वेगळे काढायचे असले, तर स्वल्पविराम नको. ते दोन वाक्यांत तोडून मध्ये ‘आणि’ घालता आले, तर स्वल्पविराम हवा. ‘ज्या वारसांना नोटीस बजावता आली नाही ते परदेशात राहतात’ हे पहिल्या प्रकारचे. ‘वारस परदेशात राहतात आणि त्यांना नोटीस बजावता आली नाही’ हे दुसऱ्या प्रकारचे. स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ वापरायचे नाही, ‘हू’ किंवा ‘विच’च घ्यायचे, हा जोडनियमही तेव्हाच कळला. माझा जुना मसुदा मी नाव-गाव झाकून वर्गात वाचून दाखवला. वर्ग हसला आणि मीही हसलो.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. खोली पत्र्याच्या छपराखाली आहे आणि जोराचा पाऊस लागला की मागच्या दोन बाकांना फळा तेवढा दिसतो, ऐकू काहीच येत नाही. बावीस विद्यार्थी ही संख्या अशा विषयाला अधिक आहे. प्रत्येकाची वही टीचरकडे दर आठवड्याला पोहोचत नसे. आठवा वर्ग चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) धामधुमीत बुडाला आणि तो पुन्हा घेतला गेला नाही. त्याबद्दल कार्यालयात विचारले तेव्हा पावतीवरील ‘फीज विच हॅव बीन पेड कॅनॉट बी रिफंडेड’ या ओळीवर बोट ठेवण्यात आले. पैसे परत करता येत नाहीत की करायचे नाहीत, असे मी विचारले. समोरच्या गृहस्थांना प्रश्न कळला नाही, त्यांनी हा वर्ग केलेला नसावा. मला पैसे नको होते, बुडालेले अडीच तास हवे होते.

एवढे असूनही मी हा वर्ग सुचवीन, मात्र सर्वांना नाही. इंग्रजी बोलण्याचा संकोच घालवायचा असेल, तर येथे येऊन उपयोग नाही. येथे बोलणे जवळजवळ होतच नाही. पंचायत, वकिलांची कार्यालये, औषध कारखाने, हॉटेले अशा ठिकाणी ज्यांना मनाई, अशक्यता आणि सूट यांविषयी कागदावर इंग्रजीत लिहावे लागते आणि ज्यांचा विचार मराठीत चालतो, त्यांनी अवश्य जावे. नाव घालताना तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: भूतकाळी रचनांना पूर्ण रविवार देणार का, पुस्तिका बदलली का आणि सुट्टीमुळे बुडालेला वर्ग भरून देणार का. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल असे सांगण्यात आले आहे. पुढचा बाक मिळावा म्हणून पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे लवकर जावे, आणि आपल्या कामातील चार खरी वाक्ये वहीत लिहून न्यावीत, कारण टीचर पुस्तिकेतील वाक्यांपेक्षा ती अधिक आवडीने सोडवतात.